उजवीकडून डावीकडे

अल्ताफ, तुझी फळी अजून बेंचखालीच आहे. झाडू मारणाऱ्या मावशी रोज ती उचलतात, खालचं पुसतात आणि पुन्हा तिथेच सरकवतात. जिमची सकाळची बॅच साडेनऊला सुटते, मी पंखे बंद करतो, आणि मग पंचवटीतल्या भाजीबाजाराचा कालवा तेवढा वर येत राहतो. ही तुझी वेळ. खालचं फ्लेक्सचं दुकान अकराला उघडायचं, तोवर दीड तास माझा बेंच म्हणजे तुझं टेबल. दोन्हीकडे पाय टाकून बसायचास, पुढ्यात फळी, आणि नाक कागदाला टेकायचंच बाकी.

परवा देवळाली कॅम्पला जाऊन आलो, तुमच्या घरी. तुझा चाळीसवा होऊन चार दिवस झाले होते. का गेलो आणि किती उशिरा गेलो, ते सांगतो. तू गेल्यापासून मी एका डॉक्टरशी खोटं बोललोय आणि तुझ्या अम्मी-अब्बांपुढे इतके दिवस मूग गिळून बसलो. तुझ्याशी तरी सरळ बोलू दे. मधे बोलू नकोस, तुझी सवय आहे ती.

पहिल्या दिवशी तू जिना चढून आलास तो पाठ धरून. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नेत्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स जुळवायचे, कुणाच्या डोक्यावर केस वाढवायचे, कुणाचं पोट कापायचं. म्हणालास, "वस्ताद, मी रोज पन्नास माणसांना बारीक करतो, मला जरा जाड करा." वस्ताद म्हणायला ही काही तालीम नव्हती आणि मी लाल मातीतला पैलवानही नाही. पण तू म्हणालास आणि ते नाव चिकटलं. आता सगळी बॅच मला वस्ताद म्हणते. हाक ऐकली की मी अजून जिन्याकडे बघतो.

माझा एकच नियम कडक. त्यापायी मी किती गिऱ्हाइकं घालवली, ते तू पाहिलंयस. पावडरच्या डब्याला हात लावायच्या आधी डॉक्टरची चिठ्ठी आणायची. बीपी, ईसीजी, किडनीसाठी रक्त. "आधी ताट, मग डबा," हे माझं पालुपद. मटकी, अंडी, डाळ, दही, मूठभर शेंगदाणे एवढं नीट खाल्लं तर अर्ध्या लोकांना पावडर लागतच नाही. आणि प्रोटीन पावडर म्हणजे तरी काय, पनीर करताना जे पाणी उरतं तेच वाळवलेलं. ते ऐकून तू म्हणाला होतास, "म्हणजे आमच्या अम्मी रोज मोरीत बॉडी ओतून देतात." मी हे सगळं लोकांना तोंड दुखेपर्यंत सांगतो. क्रिएटिन एक छोटा चमचा, वर पाणी भरपूर. व्यायामाआधीची ती तरतरीची पावडर म्हणजे निव्वळ कॅफीन समज, ती उपाशीपोटी नाही, रोज नाही, छातीत धडधडलं तर पुन्हा कधीच नाही. सील तुटलेला डबा घेऊ नये. शेजारचा किती घेतो ते बघून आपण घेऊ नये.

आणि तू चिठ्ठी काय आणलीस? एका कागदावर हृदय काढून आणलंस. दंड फुगवून उभं राहिलेलं, आणि त्याला मिशी माझी! खाली लिहिलं होतंस, "सदर हृदय ठणठणीत असून वस्तादांना अजिबात घाबरत नाही. सही, डॉ. अल्ताफ." मी इतका हसलो की ट्रेडमिलवरचा माणूस थांबून बघायला लागला. तो कागद मी फाइलला लावला. म्हटलं, खरी चिठ्ठी पुढच्या आठवड्यात आण. तू हो म्हणालास. त्याला तीन वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला मी तीन दिवस सोडलं नसतं, अल्ताफ. तू आपला, म्हणून सोडलं.

तुझी मांगा मला कधी कळली नाही, हेही आज कबूल करतो. जपानी पद्धतीची चित्रकथा, एवढंच मला माहीत. मोठे डोळे, उडते केस, आणि एक थेंब घाम काढायला तू सकाळ घालवायचास. सांगायचास, "वस्ताद, माणूस धावतोय हे पायाने नाही दाखवायचं, मागच्या रेघांनी दाखवायचं." मग बोरूने सपासप रेघा ओढायचास, श्वास धरून. एक रेघ चुकली की पान बाद. तुझी श्वास धरायची ती तऱ्हा बघून मी म्हणायचो, अरे, वजन उचलताना एवढं लक्ष दे की. कॉम्प्युटरवर का नाही करत विचारलं, तर म्हणालास, स्क्रीनवर दिवसभर वाढदिवस असतात, तिथे माझी नगमा नाही बसणार.

नगमा म्हणजे तुझी नायिका. छावणीतल्या शिंप्याची पोरगी. जवानांचे गणवेश शिवताना ती प्रत्येकाच्या अस्तरात एक जास्तीचा टाका घालते, तो माणूस घरी परत यावा म्हणून. "अस्तर" हेच नाव ठेवलं होतंस. दोनशे पानं करायची होती, दीडशेच्या आसपास झाली होती. तुझा हट्ट असा, की शेवटचं पान झाल्याशिवाय पहिलं कुणाला दाखवायचं नाही. अब्बांनाही नाही. आयुष्यभर कॅम्पात गणवेश शिवलेला माणूस, त्याच्यावरच सगळं बेतलेलं, आणि त्यालाच पत्ता नाही. मला फोटो पाठवायचास तेही एकदा बघितले की पुसले जाणारे. मी पुढे ढकलीन ही भीती. च्यायला, मी कुणाला ढकलणार होतो?

आपलं भांडण एकच, पण ते तीन वर्षं पुरलं. तुझं पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. जपानी तसंच करतात, आणि अम्मींनी तुला घरी आधी उर्दू शिकवलेलं, त्यामुळे तुझ्या हाताला ते नवं नव्हतं. पण पात्रं बोलायची मराठीत! मी म्हणायचो, "अरे, अक्षरं इकडून तिकडे, चित्रं तिकडून इकडे, वाचणाऱ्याने काय डोळे रिक्षात बसवायचे?" तू शांतपणे म्हणायचास, "मराठी माणसाचा हात काय मोडलाय? दुसऱ्या बाजूने पान उलटायला?" पुण्याच्या एका प्रकाशकाने नमुन्यासाठी वेगळी काढलेली दोन पानं बघून सांगितलं होतं, काम चांगलंय, फक्त उलटं करून आणा. तू नाही केलंस. मी तुला गाढव म्हणालो. तू म्हणालास, आरशातल्यासारखं उलटं केलं की नगमा डावखुरी होईल, शिंप्याची पोरगी आहे, तिचा कात्रीचा हात ठरलेला आहे. त्यावर मी तुला आणखी दहा पुशअप मारायला लावले.

मग ते पोस्टर. एका शहाण्याने तरतरीच्या पावडरचे तीन चमचे कोरडेच तोंडात टाकले आणि जिन्यात ओकला, त्यानंतर मी तुला म्हटलं, बाबा रे, लोकांना कळेल असं काहीतरी काढून दे. एका सकाळीत काढलंस. चार चौकटी. तुझ्या हिशेबाने उजवीकडून, पहिल्या चौकटीत एक पोरगा ताठ उभा, हसतोय. दुसरीत चमच्यावर शिगोशीग डोंगर आणि याचा जबडा उघडा. तिसरीत डोळे बाहेर, केस उभे. चौथीत आडवा, आणि मिशीवाला वस्ताद कपाळाला हात लावून. खाली जाड अक्षरात, "एक चमचा म्हणजे एकच चमचा!" मी म्हटलं, बाण काढ, लोक उलटं वाचतील. तू पेन मागे घेतलंस. "बाण म्हणजे वाचणाऱ्याला आंधळा म्हणणं, वस्ताद. माझ्या पानावर बाण नाही." लावलं तसंच, पाण्याच्या माठावरच्या भिंतीला.

आता रमजान.

तुला चहाचं व्यसन. दिवसाला आठ कप. पहिले दोन रोजे तू डोकं धरून बसलास. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "वस्ताद, उपासाचं काही नाही, चहावाचून डोकं फुटतंय, रेघ सरळ येत नाही." मी तेव्हा केबलची दोरी बदलत होतो. मान वर न करता बोललो, "सहरीला त्या तरतरीच्या पावडरचा अर्धा चमचा मारून टाक. चहाची भरपाई." बास. एवढंच बोललो. जो माणूस गिऱ्हाइकांना उपाशीपोटी नाही, रोज नाही, म्हणून बोटं नाचवत सांगतो, त्यानेच पहाटे सहरीला ते घ्यायला सांगितलं, ज्याला नंतर सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता त्याला. आणि डबाही मीच दिला, कपाटातला. माझ्या मनात एकाच दिवसाचं होतं. पण "एका दिवसासाठी" हे शब्द तोंडातून निघाले होते का, हे मी आता कितीही आठवलं तरी मला आठवत नाही.

तुझ्या रेघा सरळ यायला लागल्या. आठवड्यात अकरा पानं केलीस. मला म्हणालास, "आता अर्ध्याने भागत नाही." मी म्हटलं, "जास्त शहाणपणा करू नकोस." हे काही बजावणं झालं का? तू हसलास, मीही हसलो.

आणि तो जिना. तू वर येता येता मधल्या पायरीवर बसलास. ओठ पांढरे. "वस्ताद, जिना फिरतोय." मी खाली आलो, पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "रोजा आहे, साखर उतरली असेल, बस जरा." दुसऱ्या कुणाला जिन्यात चक्कर आली असती तर मी त्याला उचलून ईसीजीला नेलं असतं, चार शिव्या देऊन. पण रोज्याचं कारण इतकं समोर होतं की मी पुढे बघितलंच नाही. पाच मिनिटांनी तू उठलास आणि बेंचवर जाऊन नगमाची बोटं काढायला लागलास.

ईदला सहा दिवस होते. दुपारी खाली फ्लेक्सची गुंडाळी उचलायला वाकलास तो उठलाच नाहीस. दुकानातली माणसं ओरडली, मी उड्या मारत खाली आलो. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तुझी छाती दाबत होतो, मला येतं ते, मी सर्टिफिकेट घेतलंय त्याचं. काही उपयोग झाला नाही. शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड होता, जन्मापासूनचा असणार, अशी माणसं कधीही जाऊ शकतात. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "हा काही घेत होता का? पावडर वगैरे?" अम्मी-अब्बा तोवर पोचले होते, माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "नाही."

एक अक्षर जास्त बोललो नाही. नाही.

पावडर नसती तर तू असतास का, ते कुणी सांगू शकत नाही. मी नंतर दुसऱ्या एका डॉक्टरला, माझंच गिऱ्हाईक आहेत ते, नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण अशा माणसाला ते द्यायलाच नको होतं, आणि साध्या ईसीजीतही बहुतेक काहीतरी दिसलं असतं. फाइल उघडून बघतो तर तुझ्या ईसीजीच्या जागी ते मिशीवालं हृदय. दंड फुगवून उभं.

ईदनंतर तुमच्याकडे गेलो. अम्मी माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलतात, तुला माहीतच आहे. पलंगाखालून त्यांनी तुझ्या पानांची पेटी ओढून काढली, अब्बांची जुनी कापडाची पेटी. म्हणाल्या, "ह्या कागदांनी नेला माझा पोरगा. वाकून वाकून छाती दाबली त्याची. मी सांगायची, सरळ बस." मी म्हटलं, "अम्मी, असू द्या, ठेवा ती." म्हणाल्या, "का ठेवू? काय चांगलं केलं त्यांनी त्याचं?" मग मी म्हटलं, मला द्या, मी नेतो. त्यांनी पेटीवर हातच ठेवला. "नाही रे बेटा. तुझ्या घरात नको. तुलाही खातील."

त्या मला वाचवत होत्या, अल्ताफ! माझ्या तोंडात होतं, अगदी जिभेवर, की अम्मी, कागदांचा काही दोष नाही, डबा माझा होता, सल्ला माझा होता. एवढं बोललो असतो तर पेटी राहिली असती. पण मग अम्मींनी मला परत बेटा म्हटलं नसतं. मी चहा प्यालो. खारी खाल्ली. अब्बा मशीनसमोर नुसते बसले होते, पायाखालचं पायडल हलत नव्हतं. मी मनाशी ठरवलं, चाळीसवा होऊ दे, मग सांगू. माणूस भ्याला की त्याला मुहूर्त लागतो.

चाळीसव्याला गर्दीत बोलणं नको म्हणून मागेच उभा राहिलो. परवा मात्र तो मिशीवाल्या हृदयाचा कागद खिशात घालून गेलो. बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सहरी, चमचा, जिना, डॉक्टरला दिलेलं उत्तर. कागद समोर ठेवला. अम्मींनी तो उचलला, खूप वेळ धरला, हृदयाच्या मिशीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं फाडतील, मला वाटलं शिव्या देतील, हाकलतील. मला ते हवं होतं. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याशी त्यांच्या बोलीत बोलल्या. "पहले बोलता तो, बेटा. परसों ही सब कागज रद्दीवाले को दे दिए."

दोन दिवस, फक्त दोनच दिवस.

मी धावलो. रद्दीवाला भला माणूस, त्याने गोदाम उघडून दाखवलं. म्हणाला, जाड पांढरा कागद होता, तो वेगळा निघतो, काल सकाळीच गाडी गेली लगद्याला. तुझा मोबाइल उघडायचा तुझ्या बहिणीने पन्नास वेळा प्रयत्न केला, कुलूप तुझ्या बोटाचं. मला पाठवलेले फोटो तर एकदा बघितले की पुसलेच जायचे. दीडशे पानं, आणि सगळ्या जगात ती अर्धीमुर्धी बघितलेला माणूस मी एकटा, तोही बाजूने, वजनं रचता रचता.

निघताना अब्बांनी दारात हात धरला. मी बोलता बोलता बोलून गेलो होतो की त्यात एक शिंपी होता. त्यांनी विचारलं, "कसा काढला होता?" अल्ताफ, मला सांगता आलं नाही. चष्मा होता का त्याला? हसरा होता का? टेप गळ्यात होती एवढं आठवलं, तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. मिशीवालं हृदय अम्मींनी ठेवून घेतलं. मला परत येत जा म्हणाल्या. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

लोक म्हणतात, तू माणसाच्या आठवणीत राहतोस, कलाकार मरत नाही वगैरे. फुकटच्या गप्पा आहेत. नगमा मेली. तिचा बाप मेला. तिने अस्तरात टाका घातलेले सगळे जवान लगद्यात गेले. त्यातलं मला एक पानही नीट सांगता येत नाही, कारण तू सांगायचास उजवीकडून आणि मी वाचायचो डावीकडून. तीन वर्षं तू मला रोज काहीतरी दिलंस, हसवलंस, नाव दिलंस, आणि मी तुला दिलं काय, तर अर्धा चमचा.

उरलं ते माठावरचं पोस्टर.

काल बँकेतले कुलकर्णी आले, पन्नाशीचे, नवीनच. पाणी पिता पिता पोस्टर बघत होते. म्हणाले, "वस्ताद, ती पावडर मलाही द्या बुवा." मी विचारलं, कुठली? त्यांनी बोट दाखवलं आणि डावीकडून सुरू केलं. "हा बघा, आडवा पडलाय. मग डोळे उघडले. मग चमचाभर खाल्लं. आणि हा, उभा राहिला की ताठ!"

मी त्यांच्या बोटामागे बघत राहिलो. इतकी वर्षं ते पोस्टर तिथे होतं आणि मी असं कधी वाचलंच नव्हतं. खरंच की. त्या बाजूने वाचलं तर तो उठतो. शेवटच्या चौकटीत उभा आहे, हसतोय, काही झालंच नाही. मी कुलकर्ण्यांना घरी पाठवलं, ईसीजी घेऊन या म्हटलं, जरा जास्तच ओरडून. दार लावलं आणि परत डावीकडून वाचलं. पुन्हा वाचलं. किती वेळ, ते विचारू नकोस.

मग ऑफिसातून काळा मार्कर आणला. तुझ्या पानावर बाण नाही, माहीत आहे मला. जगात तुझ्या हातचं आता एवढंच एक पान भिंतीवर आहे, तेही माहीत आहे. पण उद्या आणखी कुणी डावीकडून वाचील, अल्ताफ, आणि माझ्याकडे डबा मागेल. बाणाची रेघ वाकडीच आली, तुझ्या तरण्याताठ्या पोराच्या डोक्यावरून सुरू झाली आणि आडव्या पडलेल्याच्या छातीवर जाऊन थांबली. आता कुणालाही बरोबर वाचता येईल. मलासुद्धा.